प्रेशरचे मोजे: माप घेण्यापासून वाळत घालण्यापर्यंत, आणि नेमकं चुकतं कुठे

पुण्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानात मी पायांची मापं घेते. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे लोक ज्यांना 'व्हेरिकोजचे मोजे' (व्हेरिकोज म्हणजे पायांतल्या फुगलेल्या शिरा) किंवा 'प्रेशरचे मोजे' म्हणतात, ते नेलेली बरीच माणसं थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन परत येतात. तक्रारी ठरलेल्या असतात: चढतच नाहीत, गुडघ्यामागे काचतात, चालताना घसरतात, पायाला खाज सुटते. पिशवीतून काढून बघितलं तर मोजा बहुतेक वेळा धडधाकट असतो. चुकलेला असतो तो क्रम. माप संध्याकाळी घेतलेलं, मोजा दुपारी पाय जड झाल्यावर चढवलेला, त्याआधी पायाला तेल लावलेलं, आणि वर उरलेली लांबी छानपैकी दुमडून ठेवलेली.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सूज नसताना माप घ्यायचं आणि सूज नसतानाच मोजा घालायचा. मोजा सूज चढू देत नाही, पण पाय एकदा चांगला सुजला की त्यावर तो नीट बसतही नाही. हे मोजे घोट्यापाशी सगळ्यात जास्त आवळतात आणि वर जाताना दाब कमी कमी होत जातो, त्यामुळे रक्ताला वरची वाट सोपी होते. दुमड, वळी, वरची पट्टी ताणून ओढणं, या सगळ्यांनी हा दाबाचा उतार बिघडतो. मग घोट्याला सैल आणि पोटरीला घट्ट, असा अगदी उलटा प्रकार होतो.

## १. दुकानाआधी डॉक्टर

"शेजारच्या काकूंना बरं वाटलं, मलाही तसलेच द्या" असं म्हणत कुणी आलं की मी माप न घेता परत पाठवते. गिऱ्हाईक तोडायचं म्हणून नाही, पाय वाचावा म्हणून.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर बाहेरून दिलेला दाब उरलासुरला रक्तपुरवठाही कमी करतो. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, पावलं कायम गार असतात, बोटांवरची जखम भरत नाही, अशी लक्षणं असतील किंवा बरीच वर्षं तंबाखू-सिगारेट असेल, तर आधी तपासणी हवी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजून घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात, तीच ही चाचणी. भागाकार साधारण ०.९ ते १.३ आला तर ठीक मानतात. ०.५ च्या खाली असेल तर हे मोजे घालायचेच नाहीत. मधल्या आकड्यांचा निर्णय डॉक्टरांचा. मधुमेह्यांच्या धमन्या कधीकधी कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटा चांगला येऊ शकतो. म्हणून मधुमेह असेल तर तो डॉक्टरांना स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

पायाची संवेदना गेलेली असेल, हृदयाचा पंप कमकुवत होऊन त्यामुळे सूज असेल, पायावर पिकलेली जखम, पाझरणारी कातडी किंवा त्वचेचा संसर्ग असेल, तरीही स्वतःच्या मनाने मोजा नको. संवेदना नसलेल्या पायाला काचलेलं कळत नाही. कळतं तेव्हा फोड आलेला असतो.

ताबडतोब दवाखाना: एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम आणि लाल झालाय, तर मोजा घालून बघत बसू नका. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर रिक्षाची वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडून चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: दाब किती, लांबी गुडघ्याखाली की मांडीपर्यंत, एका पायाला की दोन्ही, आणि दिवसातून किती वेळ. नुसतं 'स्टॉकिंग्ज' एवढंच लिहिलेलं असेल तर परत विचारा.

दाब बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. खोक्यावर 'क्लास २' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ आणि ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. अमेरिकन खोक्यांवर बहुधा क्लास नसतोच, थेट २०-३० असं लिहितात. तेव्हा चिठ्ठीवरचे आकडे आणि खोक्यावरचे आकडे शेजारी शेजारी धरून बघा.

आणखी एक नेहमीची गल्लत. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये घालायला दिलेले पांढरे, बोटांपाशी खिडकी असलेले मोजे पलंगावर झोपून असलेल्या पेशंटसाठी असतात. त्यांचा दाब घोट्यापाशी साधारण १८ असतो. दिवसभर काउंटरवर उभं राहणाऱ्या माणसाच्या व्हेरिकोज व्हेन्सला ते पुरत नाहीत. घरी आले, फुकट पडलेत, म्हणून बाबांचे मोजे आईला घालू नका.

## २. माप: सकाळी, उभं राहून, सेंटिमीटरमध्ये

हिंजवडीहून सुटल्यावर सात वाजता दुकानात येऊन दिलेलं माप माझ्या लेखी बाद. दिवसभर खुर्चीत बसलेल्या पायाचा घोटा सकाळच्यापेक्षा जाड असतो. त्या मापाचा मोजा सकाळी सैल बसतो आणि दुपारपर्यंत गोळा होऊन खाली येतो. दुकान उघडेपर्यंत थांबणं जमत नसेल तर उठल्या उठल्या घरीच माप घ्या आणि कागदावर लिहून आणा. माप दुसऱ्याने घ्यायचं. आपण वाकलो की पोटरीचा आकार बदलतो.

शिवणकामाचा टेप घ्या. पेशंटने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहावं. टेप कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. उजवा आणि डावा पाय वेगवेगळा लिहा.

१. घोट्याच्या हाडांच्या जरा वर, पाय जिथे सगळ्यात बारीक आहे तिथला घेर.
२. पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथला घेर.
३. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची.
४. मांडीपर्यंतचा मोजा असेल तर जांघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली मांडीचा घेर, आणि जमिनीपासून तिथपर्यंतची उंची.

हे आकडे त्या कंपनीच्या तक्त्यावर लावायचे. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एकीचा 'मीडियम' दुसरीचा 'लार्ज' असू शकतो. कुडत्याच्या किंवा चपलेच्या साइजवरून ऑनलाइन मागवलेले मोजे हमखास चुकतात. घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी दुसऱ्या साइजमध्ये येत असेल तर 'मोठाच द्या, चढायला सोपा' हे उत्तर चुकीचं आहे. घोट्याचं माप आधी बघायचं आणि त्याच साइजमध्ये रुंद पोटरीचा मोजा मिळतो का ते विचारायचं. नसेल तर मापाने बनवून घ्यावा लागतो. सदाशिव पेठेतल्या औषध बाजारात किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत याची चौकशी करा.

गुडघ्याखालचा की मांडीपर्यंतचा, हे डॉक्टरच ठरवतात. पण तुमचं उठणं-बसणं कसं आहे ते त्यांना सांगा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या किंवा भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या माणसाचा मांडीपर्यंतचा मोजा गुडघ्यामागे सारखा गोळा होतो. बोटं उघडी की झाकलेली, यात मी पुण्याच्या उन्हाळ्यापावसाळ्याला उघडीच सुचवते. बोटांचा रंग दिसतो आणि बोटांच्या बेचक्यांत हवा लागते.

शक्य असेल तर एकाच वेळी दोन जोड घ्या. एकच जोड असेल तर तो ओलाच चढवला जातो, नाहीतर धुतलाच जात नाही.

## ३. आदल्या रात्रीची तयारी

मोजा फाटतो तो बहुतेक घालताना, आणि फाडणाऱ्या वस्तू आपल्या अंगावरच असतात.

हातापायाची नखं कापून कानशीने गुळगुळीत करा. टाचेच्या भेगा तर कानसासारख्या धागा ओढतात. रात्री टाचा कोमट पाण्यात भिजवून, घासून, व्हॅसलीन लावून झोपा. मधुमेह असेल तर भेगांवर ब्लेड चालवू नका.

घालायच्या वेळी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पैंजण काढा. घोट्याला बांधलेला काळा दोराही काढा, कारण मोज्याखाली तो दिवसभर एकाच रेषेत रुततो. हवा असेल तर हाताला बांधा. जोडव्यांचं मात्र बायकांना जड जातं. झाकलेल्या बोटांच्या मोज्यात जोडवी चालणार नाहीत, शेजारच्या बोटाला घट्टा पडतो. उघड्या बोटांच्या मोज्यात ती घालता येतात, पण मोजा चढवून झाल्यावर.

तेल, लोशन, क्रीम सगळं रात्री. सकाळी लावलं तर मोजा बुळबुळीत पायावरून घसरतो, मांडीपर्यंतच्या मोज्याच्या कडेची सिलिकॉनची पट्टी धरत नाही आणि कापडातली लवचीक दोरीही लवकर खराब होते. अभ्यंगाची सवय असेल तर दिवाळीच्या चार दिवसांतसुद्धा गुडघ्याखाली साबणाने नीट धुऊन, कोरडं करून मगच मोजा.

हाताशी ठेवायच्या वस्तू थोड्याच: पाठ असलेली न हलणारी खुर्ची, भांडी घासायचे रबरी हातमोजे (नवे, आतबाहेर कोरडे), थोडी टाल्कम पावडर, चांगला उजेड. यातल्या रबरी हातमोज्यांना पर्याय नाही. नुसत्या बोटांनी आपण कापड चिमटीत धरून ओढतो, नख लागतं, धागा निघतो. हातमोज्याच्या तळव्याने कापड वर सरकवता येतं.

## ४. घालणं

सकाळी डोळे उघडल्यावर पाय खाली सोडायच्या आधी मोजा घालणं सगळ्यात उत्तम. आपल्याकडे मात्र आधी तोंड धुणं, चहा, आंघोळ, देवपूजा आणि मग बाकीचं. आंघोळीनंतरच घालायचा असेल तर पाय पूर्ण पुसा, बोटांची बेचकी विशेष. मग १५ ते २० मिनिटं पलंगावर पडून पाय उशांवर ठेवा, छातीपेक्षा उंच. हा वेळ वाया जात नाही. याच वेळात पाय मोकळा होतो आणि पुढचं काम निम्मं हलकं होतं.

कोरड्या पायाला चिमूटभर पावडर लावा. मग:

१. मोज्यात हात घालून टाचेच्या खोळीपर्यंत न्या. खोळ आतून चिमटीत धरा आणि वरचा भाग उलटा करून बाहेर ओढा. आता पावलाचा भाग आत खोचलेला आणि पोटरीचा भाग त्याच्यावर उलटा आलेला दिसेल.

२. खुर्चीत मागे टेकून बसा. एका पायावर उभं राहून, बाथरूममध्ये भिंतीला धरून हे करू नका. म्हाताऱ्या माणसांची हाडं अशाच वेळी मोडतात.

३. हातांचे दोन्ही अंगठे मोज्याच्या तोंडात घालून तो बाजूंना ताणा आणि पाऊल आत सरकवा. पंज्याला कापड सरळ बसू द्या.

४. टाच खोळीत बसवा. इथे थांबा आणि बघा. टाच खोळीच्या मधोमध असेल तरच पुढे जा. खोळ घोट्यावर किंवा तळव्याखाली गेली असेल तर वरचं सगळंच चुकणार. पहिल्यापासून करा, ओढाताण करून खोळ जागेवर आणायचा प्रयत्न नको.

५. उलटा असलेला भाग आता पावलावरून घोट्यावर घ्या. ही सगळ्यात अवघड जागा, कारण इथेच मोजा सगळ्यात अरुंद असतो. घाई करू नका. थोडं पुढून, थोडं मागून, थोडं बाजूंनी असं तळहाताने सरकवत चला. घोटा ओलांडला की लढाई जिंकली.

६. पुढे पोटरीवरून थोडं थोडं वर. वरची पट्टी दोन्ही हातांनी पकडून एका दमात गुडघ्यापर्यंत खेचायची नाही. तसं केलं की कापड वर ताणून बसतं, दिवसभरात परत खाली यायला बघतं आणि वाटेत वळ्या पाडतं.

७. गुडघ्याखालच्या मोज्याची वरची कड गुडघ्यामागच्या लवणीच्या दोन बोटं खाली संपली पाहिजे.

८. हातमोज्याने घोट्यापासून वर एकदा सगळा पाय चोळून वळ्या काढा. बोटं झाकलेली असतील तर पुढचं टोक किंचित पुढे ओढून बोटांना जागा द्या.

कड लवणीत आली, म्हणजे मोजा लांब वाटला, की लोक ती दुमडतात. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त त्रास मी यातूनच झालेला बघते. एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे आल्या, "अहो ताई, मोजा चावतो" म्हणाल्या. त्यांनी परकर वर केला तर मोज्याची कड दोनदा दुमडलेली होती. ती उलगडली, तर खाली बोटभर रुंद, जांभळट लाल खाच सगळ्या पायाभोवती. खाचेच्या वर पोटरीचं मांस फुगलेलं आणि खाली पावलाला पूर्वी नव्हती इतकी सूज. दुहेरी-तिहेरी कापड तिथे पायाला आवळून बांधलेल्या दोरीसारखं काम करत होतं. कात्री लावून लांबी कमी करणं हेही तितकंच वाईट, कड उसवत जाते. मोजा लांब वाटला तर आधी सगळा उतरवून पुन्हा घाला. बहुतेक वेळा खाली पोटरीला कापड कमी पसरलेलं असतं आणि वर साठलेलं असतं. नीट घालूनही लांब राहिला तर साइज चुकलेली आहे, बदलून घ्या.

उघड्या बोटांच्या मोज्याला एक सोपी युक्ती आहे. पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी किंवा रेशमी कापडाचा तुकडा आधी पावलावर चढवा, त्यावरून मोजा घाला आणि मोजा टाचेवर बसला की पिशवी बोटांच्या बाजूने हळूच ओढून काढा. काही मोज्यांच्या खोक्यातच यासाठी निसरड्या कापडाची टोपी मिळते. लोक ती पॅकिंगचा कचरा समजून फेकून देतात.

हाताला संधिवात असेल, वाकता येत नसेल, तर मोजा ताणून धरणारी लोखंडी चौकट मिळते, तिच्यात नुसतं पाऊल ढकलायचं. घरातलं कुणी किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशी घालून देणार असतील तर त्यांना हे सगळे टप्पे एकदा करून दाखवा. पेशंट पलंगावर आडवा असावा आणि घालणाऱ्याने पायाच्या बाजूला त्याच्याकडे तोंड करून बसावं. आजोबा "झालं, चालेल" म्हणाले तरी वळ्या आपण डोळ्यांनी बघायच्या.

घातल्यावर मिनिटभराची तपासणी: बोटं हलतात का? बोटाचं नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी होतं का? घोट्याच्या पुढच्या घडीत वळी आहे का? अर्ध्या तासाने मुंग्या, बधिरपणा, बोटं निळी-पांढरी किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर लगेच काढा. काढल्यावरही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. घट्ट वाटणं ठीक आहे, दुखणं ठीक नाही.

पहिले काही दिवस थोडे तास घालून वेळ वाढवत न्यायला हरकत नाही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पहिल्या दिवशी घालायला पंधरा मिनिटं लागली म्हणून खोकं कपाटात टाकू नका. हात बसतो.

## ५. दिवसभरात

मोजा घातला म्हणजे सहा तास एका जागी उभं राहायची मुभा मिळाली असं नव्हे. पोटरीचा स्नायू हलला तरच रक्त वर ढकललं जातं. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात उभं राहणाऱ्यांनी, चौकात ड्युटी करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाला चवड्यांवर वर-खाली करावं. खुर्चीवर बसणाऱ्यांनी टाचा-चवडे आलटून पालटून उचलावेत.

दुपारी एकदा आरशात मागची बाजू बघा. वळी पडली असेल तर तळहाताने चोळून काढा. मोजा पार घसरला असेल तर वरून ओढू नका. घोट्यापासून पुन्हा वर सरकवत या.

फरशीवर नुसत्या मोज्याने चालू नका. कापड गुळगुळीत, फरशी त्याहून गुळगुळीत. घरात रबरी तळाची चप्पल हवी. देवळात चप्पल काढायची म्हणून मोजेही काढून हातात घेणारे दिसतात. परत चढवेपर्यंत पाय सुजतो, आणि देवळाच्या पायरीवर बसून नीट चढवणं होतही नाही. कोरडी फरशी असेल तर भिंतीच्या आधाराने सावकाश मोज्यावरच जा.

एप्रिल-मे महिन्यांत बऱ्याच जणांचे मोजे सुटतात. त्या माणसांना मी दोष देत नाही, उकाडा खरंच असह्य होतो. पण उपाय करून बघा. पायावरच्या मोज्यावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा आणि पंख्याखाली बसा, चांगलं गार वाटतं. तरी नाहीच सहन झालं तर मनानेच बंद न करता, कमी दाबाचा किंवा गुडघ्याखालचा मोजा चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात दुचाकीवरून जाणाऱ्यांचा मोजा चिंब होतो. ओला मोजा दिवसभर पायात ठेवला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि पोटरीला पुरळ येतं. डिकीत कोरडा जोड, छोटा टॉवेल आणि रबरी हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वारीत चालणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. दिवे घाटात पाऊस लागला तर मुक्कामापर्यंत ओल्यानेच चालायचं नाही.

## ६. काढणं आणि रात्रीची नजर

झोपताना काढायचा, डॉक्टरांनी रात्रीही ठेवायला सांगितला नसेल तर. वरची कड धरून उलटा करत खाली आणा आणि टाचेवरून सोडवा. सुरळी करत खाली आणू नका. सुरळीचा जाड वेढा घोट्याशी अडकतो, आणि पाय सुजलेला असला तर निघता निघत नाही.

मग उजेडात पाय बघा: टाच, घोट्याची हाडं, नडगी, टाचेमागची शीर, बोटांच्या बेचक्या. कापडाच्या विणीचे बारीक ठसे थोड्या वेळाने जातात, त्यांची काळजी नको. एखाद्या जागी लाली तशीच राहिली, फोड आला, कातडी काळपट किंवा पांढरी पडली, तर दुसऱ्या दिवशी मोजा न घालता पाय दाखवून या. सिलिकॉनच्या पट्टीखाली पुरळ येत असेल तर पट्टी आणि मांडी दोन्ही रोज पुसा. तरी थांबलं नाही तर बिनपट्टीचा किंवा कमरेपर्यंतचा प्रकार विचारा.

तपासणी झाली की मॉइश्चरायझर किंवा खोबरेल. मोज्याखाली कातडी कोरडी पडते, आणि कोरड्या कातडीला खाज सुटली की नखं लागतात. बेचक्यांत मात्र तेल नको.

## ७. धुणं

रोज धुवा. घाम, पावडर, मेलेली कातडी विणीत साचते. शिवाय दिवसभर ताणलेलं कापड धुतल्यावर पुन्हा आपल्या मापाला येतं. "जास्त धुतलं तर सैल होईल" ही समजूत उलटी आहे. न धुता घातलेला मोजाच लवकर सैल पडतो.

१. बादलीत साधं किंवा कोमट पाणी घ्या. कढत पाणी नको.
२. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तसला सौम्य द्रव साबण थोडासा घाला. कपड्याची वडी, ब्लीच, डाग काढायची पावडर नको. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको, त्याने ताण जातो.
३. मोजा उलटा करून काही मिनिटं भिजवा, तळहातात हलकेच दाबा. ब्रश नाही, दगडावर आपटणं नाही.
४. दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणखी कमी आणि पाणी एखादं जास्त. साबण राहिला की दुसऱ्या दिवशी पायाला खाज येते आणि दोष मोज्याला मिळतो.
५. पिळू नका. टर्किश टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करा आणि दाबा.
६. सावलीत, वाऱ्याला, जाळीच्या स्टँडवर आडवा पसरा. दोरीवर एका टोकाने लटकवला तर पाण्याच्या वजनाने लांब होतो. कडक ऊन, ड्रायर, इस्त्री, हीटर यांच्यापासून लांब.

मशीन वापरायचंच असेल तर जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, जीन्स आणि हुकाच्या कपड्यांपासून वेगळं. खोक्यावर मशीनला मनाई असेल तर ती पाळा. घरी कपडे धुवायला मावशी येत असतील तर हे मोजे त्यांच्या बादलीत टाकूच नका. त्यांची चूक नसते, पिळायची सवय हाताला असते.

जुलै-ऑगस्टमध्ये रात्री धुतलेला मोजा सकाळी दमटच लागतो. तो तसाच चढवू नका. पंख्याखाली ठेवा आणि दुसरा जोड वापरा.

धागा निघाला तर ओढू नका, कापूही नका. लहान भोकाला घरी टाका घातला तर त्या जागी गाठ रुतते. भोक पडलेल्या मोज्याचा दाब तिथे बिघडलेला असतो, तो बदलायचा.

## ८. बदलायचा कधी

रोज वापरात असलेला जोड साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. कंपनीने कमी मुदत लिहिली असेल तर ती धरा. पहिल्या दिवशीच खोक्याच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहून ठेवा, कारण सैल होणं हळूहळू होतं आणि लक्षात येत नाही. आधी दहा मिनिटं लागायची तो मोजा आता साध्या मोज्यासारखा सर्रकन चढतो, दुपारी घोट्याशी गोळा होतो, संध्याकाळी पाय पूर्वीसारखे जड वाटतात: यातलं काहीही दिसलं तर सहा महिने व्हायची वाट बघू नका.

नवा जोड घेताना जुन्या खोक्यावरची साइज वाचून तोच मागवू नका. वजन कमी-जास्त झालं असेल, शिरांचं ऑपरेशन किंवा लेझर झालं असेल, किंवा मोज्यांनीच सूज उतरली असेल, तर घोटा बदललेला असतो. जुना जोड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सकाळी उठल्या उठल्या घेतलेली नवी मापं सोबत घेऊन या.